चिमूटभर कथील

दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसला आहात का? अहिल्यानगर (म्हणजे आपले पूर्वीचे अहमदनगर) मागे पडले, राहुरी आणि बेलापूर ही स्थानके गेली, की दोन्ही बाजूंना उसाची शेते दिसू लागतात. थोड्या वेळाने पुणतांबा येते. येथे रुळांना फाटा फुटतो. एक मार्ग साईनगर शिर्डीकडे वळतो आणि दुसरा कान्हेगाव, कोपरगाव करीत मनमाडला जातो.

आता एक प्रश्न. गाडी शिर्डीला जाणार की कोपरगावला, हे कोण ठरवते? इंजिन? मुळीच नाही. इंजिनाचे काम गाडी ओढण्याचे. दिशा ठरवितात ते रुळांचे सांधे. रुळाचे निमुळते टोक वीतभरही सरकत नाही, पण तेवढ्याने शेकडो टन वजनाची गाडी दुसऱ्याच गावाला जाते!

रसायनशास्त्रातही असे सांधे असतात. ते लोखंडी रुळांत नसतात, तर उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर असतात. तेथे सांधे बदलण्याचे काम करतो तो चिमूटभर मिसळलेला दुसराच एखादा धातू. त्याची ओळख करून घेण्यासाठी आपण पुणतांब्याच्या पुढच्याच स्थानकावर, म्हणजे कान्हेगावला उतरू या.

मळीपासून चार कार्बनांची साखळी

कान्हेगावजवळ कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी आहे. करमशी जेठाभाई सोमैया यांनी १९३९ साली सुरू केलेल्या गोदावरी शुगर मिल्सचे हे ठिकाण. आज गोदावरी बायोरिफायनरीज या नावाने ओळखला जाणारा हा उद्योग येथे अल्कोहोलपासून रसायने बनवितो. त्यांतील एकाचे नाव आहे क्रोटोनाल्डिहाइड.

नाव अवघड वाटले ना? पण त्यात आपला जमालगोटा लपला आहे! जमालगोट्याचे शास्त्रीय नाव क्रोटॉन. त्याच्या तेलात क्रोटॉनिक आम्ल असते, असा जुन्या रसायनशास्त्रज्ञांचा समज होता. तो पुढे चुकीचा ठरला. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

साखर बनविताना मळी उरते. तिच्यातील साखर यीस्ट खातात आणि अल्कोहोल तयार होते. अल्कोहोलच्या रेणूत कार्बनचे दोन अणू असतात. त्यातून हायड्रोजन काढून घेतला, की ॲसिटाल्डिहाइड मिळते. सौम्य अल्कलीच्या सान्निध्यात ॲसिटाल्डिहाइडचे दोन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांतून पाण्याचा एक रेणू बाहेर पडला, की चार कार्बनांची साखळी तयार होते. हेच आपले क्रोटोनाल्डिहाइड. हा द्रव झोंबरा, डोळ्यांतून पाणी काढणारा आणि विषारी आहे. पण कारखानदारीत तो मोलाचा आहे, कारण त्याच्यापासून पुढे पुष्कळ पदार्थ बनविता येतात.

आपल्या गोष्टीच्या दृष्टीने या रेणूत एक गंमत आहे. त्याला हायड्रोजन आत घेण्यासाठी दोन दारे आहेत. एक साखळीच्या मधोमध, जेथे कार्बन-कार्बन असा द्विबंध आहे. दुसरे साखळीच्या टोकाला, जेथे कार्बन-ऑक्सिजन असा द्विबंध आहे.

कार्बन-कार्बन द्विबंध असलेल्या हायड्रोकार्बनांना ऑलेफिने म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'तेल करणारी'. सर्वांत साधे ऑलेफिन म्हणजे इथिलीन. इथिलीन आणि क्लोरीन हे दोन्ही वायू एकत्र आले, की तेलकट द्रव तयार होतो, म्हणून हे नाव पडले. ऑलेफिनाच्या द्विबंधात हायड्रोजन घालणे याला हायड्रोजनीकरण म्हणतात. पातळ तेलाचे घट्ट वनस्पती तूप होते, ते याच अभिक्रियेमुळे.

डोंगर आणि बोगदा

इथिलीनमध्ये हायड्रोजन मिसळला, की इथेन तयार होते आणि दर मोलमागे सुमारे १३७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे ही अभिक्रिया उतारावरची आहे. मग दोन्ही वायू एका बाटलीत भरून ठेवले, तर ती आपोआप व्हायला हवी. पण होत नाही! बाटली वर्षभर ठेवली तरी दोन्ही वायू जसेच्या तसे राहतात.

याचे कारण असे, की हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. त्यांना वेगळे करायला मोलमागे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. उतार आहे खरा, पण त्याच्या आधी हा डोंगर उभा आहे.

१८९७ साली फ्रान्समधील तुलूझ येथे पॉल साबात्ये आणि झां-बातिस्त सांदरँ यांनी इथिलीन व हायड्रोजन यांचे मिश्रण गरम केलेल्या निकेलच्या बारीक भुकटीवरून सोडले, तेव्हा दुसऱ्या बाजूने इथेन बाहेर आले. निकेलने जणू डोंगरात बोगदाच खणला होता. या संशोधनासाठी साबात्ये यांना १९१२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. १९०२ साली जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी हीच युक्ती द्रवरूप तेलांसाठी वापरण्याचे एकस्व घेतले आणि वनस्पती तुपाचा धंदा उभा राहिला.

निकेल नेमके करते काय? त्याच्या पृष्ठभागावरील अणूंचे काही हात मोकळे असतात. हायड्रोजनचा रेणू तेथे येऊन टेकला, की त्याचे दोन अणू सुटे होतात आणि एकेकटे निकेलला चिकटतात. इथिलीनचा रेणूही शेजारी आडवा होऊन चिकटतो. मग एक हायड्रोजन त्याला जोडला जातो. काही क्षण हा रेणू अर्धवट अवस्थेत असतो. दुसरा हायड्रोजन जोडला गेला, की इथेन तयार होऊन उडून जाते आणि निकेलची जागा पुढच्या पाहुण्यासाठी मोकळी होते. निकेल स्वतः खर्ची पडत नाही. १९३४ साली होरिउती आणि पोलान्यी यांनी हे चित्र मांडले आणि थोड्याफार फरकाने ते आजही मानले जाते.

दोन दारे, चार पदार्थ

आता क्रोटोनाल्डिहाइडकडे परत येऊ. त्याचे हायड्रोजनीकरण करताना काय काय होऊ शकते?

फक्त मधले दार उघडले, म्हणजे कार्बन-कार्बन द्विबंधात हायड्रोजन शिरला, तर ब्युटिराल्डिहाइड मिळते. फक्त टोकाचे दार उघडले, तर क्रोटिल अल्कोहोल मिळते. दोन्ही दारे उघडली, तर ब्युटेनॉल मिळते. रंग आणि लॅकर यांत वापरला जाणारा हा द्रावक. जो रेणू अभिक्रियेत सापडलाच नाही, तो क्रोटोनाल्डिहाइडच राहतो. एकाच भांड्यात असे चार पदार्थ!

तुम्ही म्हणाल, 'त्यात काय बिघडले? ऊर्ध्वपातन करून वेगळे करू.' बरोबर. पण उत्कलनबिंदू पाहा. ब्युटिराल्डिहाइडचा सुमारे ७५ अंश सेल्सिअस, क्रोटोनाल्डिहाइडचा सुमारे १०४, ब्युटेनॉलचा सुमारे ११८ आणि क्रोटिल अल्कोहोलचा सुमारे १२१. शेवटच्या दोहोंत अंतर केवळ तीन-चार अंशांचे! ते वेगळे करायचे म्हणजे उंच मनोरा हवा आणि पुन्हा पुन्हा वाफ खर्च करायला हवी. वाफ म्हणजे इंधन आणि इंधन म्हणजे पैसा. शेतात राबून पिकविलेल्या उसातील कार्बन अशा रीतीने नको त्या पदार्थात गेला, तर तोटा शेवटी सगळ्या साखळीला सोसावा लागतो.

म्हणून कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञ उत्प्रेरकाला 'तू किती वेगवान?' एवढेच विचारीत नाही. तो विचारतो, 'तुला निवड करता येते का?' या गुणाला निवडक्षमता म्हणतात.

शुद्ध प्लॅटिनमला ही परीक्षा दिली, तर ते नापास होते. प्लॅटिनमवर प्रामुख्याने मधले दार उघडते. कार्बन-कार्बन द्विबंध धातूवर सहज आडवा पडतो आणि त्याचे हायड्रोजनीकरण ऊर्जेच्या दृष्टीनेही अधिक सोयीचे आहे. पण आपल्याला क्रोटिल अल्कोहोल हवे असेल तर? म्हणजे सोपे दार बंद ठेवून अवघड दार उघडायचे असेल तर?

दालचिनीचा धडा

याचे उत्तर एका मसाल्याच्या पदार्थाने दाखविले. दालचिनीला तिचा वास देणारे सिनॅमाल्डिहाइड हे क्रोटोनाल्डिहाइडचे भावंडच आहे. त्यालाही तशीच दोन दारे असतात. त्याचे टोकाचे दार तेवढे उघडले, तर सिनॅमिल अल्कोहोल हे सुगंधी द्रव्यांत लागणारे रसायन मिळते.

१९२५ साली अमेरिकेत टूली आणि रॉजर ॲडम्स यांनी प्लॅटिनम उत्प्रेरकाबरोबर फेरस क्लोराइड आणि झिंक ॲसिटेट यांचे अल्प प्रमाण वापरले. म्हणजे प्लॅटिनमच्या जोडीला थोडे लोखंड आणि थोडे जस्त. त्यांना सिनॅमिल अल्कोहोल मिळाले! एकट्या प्लॅटिनमला जी निवड जमत नव्हती, ती या दोन सामान्य धातूंच्या क्षारांनी जमवून दिली.

अशा मदतनीस पदार्थांना वर्धक म्हणतात. पुढे अनेक धातूंची वर्धक म्हणून परीक्षा झाली आणि प्लॅटिनमच्या जोडीला कथील फार उपयोगी आहे असे दिसून आले. कथील म्हणजे पितळी भांड्यांना कल्हई लावण्यासाठी वापरतात तेच. प्लॅटिनमवर योग्य प्रमाणात कथील असले, की क्रोटोनाल्डिहाइडपासून मिळणाऱ्या क्रोटिल अल्कोहोलचा वाटा वाढतो.

शंभरांत पाच

चिमूटभर कथिलाने एवढा फरक का पडावा? येथे थोडे गणित करू या. वही-पेन्सिल घ्या.

उत्प्रेरकातील धातूचे कण फार बारीक असतात. समजा, एका कणाचा व्यास पाच नॅनोमीटर आहे, म्हणजे एका मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. अशा कणातील साधारण पाचवा हिस्सा अणू पृष्ठभागावर असतात. बाकीचे आत दडलेले असतात आणि त्यांचा पाहुण्या रेणूंशी संबंध येत नाही. म्हणजे शंभर अणूंपैकी कामाचे वीसच.

आता शंभर अणूंमागे पाच अणू कथिलाचे घातले आणि ते सारे पृष्ठभागावरच बसले, तर? विसांपैकी पाच, म्हणजे पाव पृष्ठभाग कथिलाने व्यापला! वजनाच्या काट्यावर जी चिमूट वाटते, ती पृष्ठभागावर चिमूट राहत नाही.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. समजा, एखाद्या अभिक्रियेला प्लॅटिनमचा एकच अणू पुरतो. पाव जागा गेल्या, तर तिच्यासाठी चारांतल्या तीन, म्हणजे ७५ टक्के जागा शिल्लक राहतात. पण दुसऱ्या एखाद्या अभिक्रियेला आडवे पडण्यासाठी लगतचे चार प्लॅटिनम अणू लागत असले तर? ते चारही प्लॅटिनमचे असण्याची शक्यता म्हणजे तीन-चतुर्थांशाचा चौथा घात. ८१ भागिले २५६, म्हणजे सुमारे ३२ टक्के. पहिल्या अभिक्रियेचे पाव नुकसान झाले, तर दुसरीचे दोन-तृतीयांशाहून अधिक!

एस.टी.च्या गाडीत एकेकटे प्रवासी कोठेही बसू शकतात. पण चार मित्रांना एकत्रच बसायचे असेल, तर मध्ये मध्ये कोणी येऊन बसताच त्यांची अडचण होते. तसेच हे आहे. लांबलचक आडवे पडू पाहणाऱ्या कार्बन-कार्बन द्विबंधाची कथिलामुळे गैरसोय होते. टोकाच्या ऑक्सिजनवर उभ्या राहणाऱ्या रेणूला मात्र जागा सापडते.

कथिलाचे दुसरेही एक काम आहे. ते आपले इलेक्ट्रॉन थोडेसे प्लॅटिनमकडे सरकविते आणि स्वतः किंचित धनभारित होते. कार्बन-ऑक्सिजन बंधातील ऑक्सिजन किंचित ऋणभारित असतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्यामुळे रेणू ऑक्सिजनच्या बाजूने कथिलाला टेकतो आणि शेजारच्या प्लॅटिनमवर सुटे झालेले हायड्रोजन अणू त्याच दारातून आत शिरतात. ॲडम्स यांच्या प्रयोगातील लोखंडाच्या आणि जस्ताच्या आयनांचे कामही असेच समजावून देता येते.

मग कथील आणखी वाढविले तर अधिक चांगले, नाही का? नाही! कथिलाला स्वतःला हायड्रोजन फोडता येत नाही. निम्मा पृष्ठभाग कथिलाचा झाला, तर लगतचे चार प्लॅटिनम अणू सापडण्याची शक्यता एक-सोळांश, म्हणजे सुमारे सहा टक्के उरते. हायड्रोजन फोडण्याच्या जागाही कमी होतात आणि उत्प्रेरक सुस्तावतो. मीठ जेवणाला चव देते ते बेताने घातले तरच.

विषाचे औषध

काही पदार्थ उत्प्रेरकाला मारून टाकतात. गंधक, आर्सेनिक, शिसे ही अशी उत्प्रेरक-विषे. कारखान्यात शिरणाऱ्या कच्च्या मालातून ती आधी काळजीपूर्वक काढून टाकावी लागतात.

पण १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट लिंडलार यांनी पॅलेडियम या धातूला मुद्दामच शिशाचे विष दिले! कार्बन-कार्बन त्रिबंध असलेल्या रेणूत हायड्रोजन घालून त्यांना द्विबंधापाशी थांबायचे होते. शुद्ध पॅलेडियम तेथे थांबत नाही, ते द्विबंधही पुरा भरून टाकते. शिशाने अर्धवट लुळे झालेले पॅलेडियम मात्र नेमके द्विबंधापाशी थांबले. 'अ' जीवनसत्त्वाच्या कृत्रिम निर्मितीत अशा उत्प्रेरकाचा उपयोग झाला.

प्लॅस्टिकच्या कारखानदारीतही हीच अडचण येते. पॉलिथिन बनविण्यासाठी लागणाऱ्या इथिलीनमध्ये ॲसिटिलीनचा अंश राहून जातो आणि तो पुढच्या उत्प्रेरकाला बाधतो. तेवढ्या ॲसिटिलीनचेच हायड्रोजनीकरण करायचे, पण भोवतालच्या प्रचंड इथिलीनला धक्का लावायचा नाही! यासाठी पॅलेडियममध्ये चांदी मिसळतात. चांदी पॅलेडियमचा उतावळेपणा कमी करते.

म्हणजे एकच धातू एका ठिकाणी विष ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी वर्धक. ते ठरते आपल्याला काय हवे आहे यावरून आणि मात्रेवरून.

स्वयंपाकघरातील परिणाम

निवडक्षमता हा केवळ कारखान्याच्या नफ्यातोट्याचा प्रश्न आहे, असे मात्र समजू नका. तो आपल्या ताटापर्यंत येतो.

तेलातील पुष्कळ स्निग्धाम्लांत एक, दोन किंवा तीन द्विबंध असतात. निकेलवर हायड्रोजनीकरण होताना रेणू अर्धवट अवस्थेत असतो, हे आपण पाहिले. या अवस्थेतून तो कधी कधी मागे फिरतो, म्हणजे घेतलेला हायड्रोजन सोडून देतो. पण पुन्हा द्विबंध तयार होताना त्याची ठेवण बदललेली असते. वाकडी साखळी सरळ झालेली असते. हीच ट्रान्स स्निग्धाम्ले. भारतात वनस्पती तूप घरोघर पोहोचले (डालडा हे नाव बाजारात आले १९३७ साली), तेव्हा या सरळ झालेल्या साखळ्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते. ट्रान्स स्निग्धाम्लांमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे पुढे सिद्ध झाले. १ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेले व स्निग्ध पदार्थांत औद्योगिक ट्रान्स स्निग्धाम्लांचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे.

येथेही धातू बदलून पाहिले गेले. तांबेयुक्त उत्प्रेरक सोयाबीन तेलातील तीन द्विबंधांचे स्निग्धाम्ल बरोबर निवडून काढतो. पण तांब्याचा अंश तेलात राहिला, तर तेल लवकर खवट होते. गुणाबरोबर दोषही पदरात आला! एका ठिकाणचा वर्धक डोळे मिटून दुसऱ्या ठिकाणी नेता येत नाही, तो असा.

करून पाहा

तेलातील द्विबंधांची ओळख शाळेच्या प्रयोगशाळेत करून घेता येईल. मात्र शिक्षक जवळ असतानाच हा प्रयोग करा. दोन परीक्षानळ्या घ्या. एकीत सूर्यफुलाचे थोडे तेल आणि दुसरीत तितकेच वितळलेले वनस्पती तूप घ्या. दोहोंत टिंक्चर आयोडीनचे सारखेच थेंब टाका. नळ्या गरम पाण्यात उभ्या करा आणि मधून मधून हलवा. कोणत्या नळीतील रंग आधी फिका होतो? आयोडीन द्विबंधाला जाऊन चिकटते. जेथे द्विबंध अधिक, तेथे रंग लवकर जातो. मग वेगवेगळी तेले घेऊन त्यांचा क्रम लावा आणि निरीक्षणे वहीत नोंदवा.

आता पुन्हा कान्हेगावच्या फलाटावर येऊ. जगात ब्युटेनॉलसारखी रसायने आज मुख्यतः खनिज तेलापासून बनतात. खनिज तेल एकदा संपले, की संपले. ऊस मात्र दरवर्षी उगवतो आणि हवेतील कार्बन आपल्या साखळीत गोवतो. तो कार्बन आपल्या हाती चार अणूंच्या साखळीपर्यंत येऊन पोहोचला आहे. तेथून पुढे तो कोणत्या गावाला जावा, हे ठरविणारे सांधे ओळखणे, नवे शोधणे आणि शिसे-आर्सेनिकासारखी घातक द्रव्ये टाळून ते बसविणे, हे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे.

पुढच्या वेळी पुणतांब्याला गाडी खडखडत रूळ बदलू लागली, की खिडकीतून खाली पाहा. इंजिनाची शिटी सर्वांनाच ऐकू येते. सांध्याची खटखट मात्र लक्ष देणाऱ्यालाच ऐकू येते. तुमच्यापैकी कोणी उद्या असाच एखादा नवा सांधा शोधून काढील का?